विश्लेषण : शेतांना कुंपण नाही, बांधाचा निवाडा पबमध्ये… इंग्लंडमधलं लॅक्स्टन गाव शेकडो वर्षांची पद्धत आजही का पाळतंय?

बांध कोरला म्हणून भावकीत भांडण, मग मोजणी, मग तहसील आणि शेवटी कोर्टाच्या तारखा. आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक गावात अशी एक तरी गोष्ट सापडते. इंग्लंडमध्ये एक गाव असं आहे, जिथे हा प्रश्न दरवर्षी ठरलेल्या दिवशी सोडवला जातो. शेतकरीच ज्युरी म्हणून रानात जातात, कोणी किती नांगर पुढे नेला ते पाहतात, हद्दीच्या खुंट्या ठोकतात आणि आठवडाभरानं गावच्या पबमध्ये बसून दंड ठरवतात.

गावाचं नाव लॅक्स्टन. नॉटिंगहॅमशायर परगण्यातलं हे छोटं, शांत गाव. मध्ययुगीन युरोपात सर्रास असलेली 'खुल्या शेतांची' पद्धत आणि ती चालवणारं गावकोर्ट, या दोन्ही गोष्टी एकत्र चालू असलेलं इंग्लंडमधलं हे शेवटचं गाव मानलं जातं. ही पद्धत नेमकी काय आहे, बाकीच्या देशात ती का संपली, इथे कशी टिकली आणि पुढे टिकेल का, हे समजून घेऊ.

गाव कुठे आहे आणि दिसतं कसं?

नॉटिंगहॅम शहराच्या ईशान्येला, रॉबिन हूडच्या गोष्टींमुळे प्रसिद्ध असलेल्या शेरवुडच्या जंगलापासून जवळच लॅक्स्टन आहे. १०८६ मध्ये झालेल्या इंग्लंडच्या पहिल्या मोठ्या जमीन नोंदणीत, म्हणजे 'डूम्सडे बुक'मध्ये या गावाची नोंद सापडते. गावाच्या कडेला नॉर्मन काळातल्या किल्ल्याची मातीची टेकडी आहे. मध्ये सेंट मायकेलचं जुनं चर्च आहे, 'डव्हकोट इन' नावाचा पब आहे आणि मोकाट जनावरांसाठी कोंडवाडाही आहे.

पण या गावाचं वेगळेपण रस्त्यावर उभं राहिलं की कळतं. इंग्लंडच्या बहुतेक भागांत शेतकऱ्याचं घर गावापासून दूर, त्याच्या शेतात असतं. लॅक्स्टनमध्ये शेतकऱ्यांची लाल विटांची घरं, गोठे आणि कोठारं गावच्या मुख्य रस्त्यालाच लागून आहेत. ट्रॅक्टर घराच्या अंगणातून निघतो आणि गावातून रानात जातो. आपल्याला यात नवल वाटणार नाही, कारण आपल्याकडेही गावठाण एकीकडे आणि शिवार दुसरीकडे असतं. इंग्लंडमध्ये मात्र हे दृश्य दुर्मीळ आहे. त्याचं कारण जमिनीच्या वाटणीत आहे. एकाच शेतकऱ्याचे पट्टे शिवारभर विखुरलेले असतील, तर त्यानं घर बांधायचं कुठल्या पट्ट्यात? मग सगळ्यांच्या मधोमध, गावातच राहणं सोयीचं.

'खुली शेतं' म्हणजे काय?

लॅक्स्टनच्या शिवारात तीन मोठी शेतं आहेत : साउथ फील्ड, मिल फील्ड आणि वेस्ट फील्ड. प्रत्येक शेत लांबट पट्ट्यांमध्ये विभागलेलं आहे. पट्ट्यांच्या मध्ये कुंपण नाही, झाडांची रांग नाही आणि आपल्यासारखा उंच बांधही नाही. हद्द कळते ती खुंट्यांवरून आणि नांगरलेल्या तासांवरून.

एका शेतकऱ्याकडे तिन्ही शेतांत पट्टे असतात. कोणत्या वर्षी कुठल्या शेतात काय पेरायचं, हे मात्र त्याच्या एकट्याच्या हातात नसतं. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंत ऋतूत पेरायचं पीक आणि तिसरं शेत विश्रांतीला, असा तीन वर्षांचा फेरपालट आहे. दरवर्षी शेतांची पाळी बदलते. पूर्वी विश्रांतीच्या शेतात गावची जनावरं एकत्र चरायची आणि त्यांच्या शेणखतानं जमिनीचा कस भरून निघायचा. आता त्या शेतात गवत किंवा चारा घेतला जातो. फेरपालटाचा नियम मात्र कायम आहे.

हा नियम सगळ्यांना एकदम लागू करण्यामागे साधं कारण होतं. कुंपणच नसेल आणि एकानं पीक उभं ठेवलं, तर दुसऱ्याची जनावरं त्यात शिरणारच. त्यामुळे पेरणी, काढणी आणि चराई यांचं वेळापत्रक सगळ्यांचं एकच ठेवावं लागे.

शेतांच्या मधले ओढ्याकाठचे किंवा उताराचे काही भाग नांगरता येत नाहीत. त्यांना तिथे 'साइक' म्हणतात. त्यावर वाढणाऱ्या गवताचा दरवर्षी लिलाव होतो. शतकानुशतकं नांगर न लागल्यामुळे या पट्ट्यांत रानफुलं आणि गवतांचे अनेक प्रकार टिकून आहेत. म्हणून ब्रिटनमध्ये शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाच्या जागांना जे संरक्षण मिळतं, ते लॅक्स्टनच्या साइकांनाही आहे.

पट्टा लांबट का? क्रिकेटच्या पिचचा काय संबंध?

जुन्या काळी जड नांगर ओढायला बैलांच्या अनेक जोड्या लागत. एवढं लांब औत वळवणं कटकटीचं होतं, म्हणून वळणं कमीत कमी येतील असे लांब आणि अरुंद पट्टे पाडले गेले. आपले आजी-आजोबा अंतर सांगताना 'फर्लांग' म्हणायचे, तो शब्द इथूनच आला. त्याचा मूळ अर्थ नांगराच्या एका तासाची लांबी.

एक फर्लांग म्हणजे २२० यार्ड, म्हणजे ६६० फूट. पट्ट्याची रुंदी २२ यार्ड धरली की होतो बरोबर एक एकर. आणि २२ यार्ड म्हणजे किती? क्रिकेटच्या पिचची लांबी. थोडक्यात, एक पिच रुंद आणि दहा पिच लांब असा जमिनीचा पट्टा म्हणजे एकर. जमीन मोजायच्या जुन्या साखळीची लांबीही हीच होती : ६६ फूट.

आता आपल्या गुंठ्याकडे या. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे त्या साखळीच्या बरोबर अर्ध्या लांबीचा चौरस. ६६० बाय ६६ फुटांच्या पट्ट्यात असे चौरस लांबीला २० आणि रुंदीला २ बसतात. एकूण ४०. एकराचे ४० गुंठे आपण शाळेत पाठ केले. त्या हिशेबातला एकर मुळात इंग्लंडच्या नांगरणीतून आलेला आहे.

अर्थात लॅक्स्टनचे सगळे पट्टे असे मोजूनमापून एक एकराचे कधीच नव्हते. जमिनीच्या उतारानुसार ते लहान-मोठे असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक अरुंद पट्टे एकत्र करून रुंद करण्यात आले. आजची मोठी यंत्रं तिथे फिरू शकतात ती त्यामुळेच.

जमीन विखुरलेली ठेवण्यात फायदा काय?

आज कोणीही म्हणेल की सलग जमीन केव्हाही बरी. एका पट्ट्यातून दुसऱ्याकडे जाण्यात वेळ जातो, डिझेल जळतं. मग शेकडो वर्षं लोकांनी हा त्रास का सोसला?

आर्थिक इतिहासाचे अभ्यासक मॅक्लोस्की यांनी १९७० च्या दशकात याचं एक उत्तर मांडलं : जोखीम वाटून घेणं. पाऊस जास्त झाला तर सखल पट्टा बुडतो, पण उंचावरचा वाचतो. दुष्काळात उलटं होतं. गारपीट, रोग, कीड हे सगळं शिवारभर सारखं पडत नाही. विमा किंवा बँकेतली बचत नसलेल्या काळात जमीन वेगवेगळ्या ठिकाणी असणं हाच विमा होता. सरासरी उत्पन्न थोडं कमी झालं तरी चालेल, पण एखाद्या वर्षी पोटाला काहीच नाही असं व्हायला नको, हा हिशेब होता. सगळे पैसे एकाच शेअरमध्ये टाकू नका असं आज सांगितलं जातं, तसंच काहीसं.

हे एकमेव स्पष्टीकरण नाही. वारसांमध्ये वाटणी होताना प्रत्येकाला चांगली-वाईट जमीन सारखी मिळावी, नांगर आणि बैल भागीत वापरता यावेत, अशीही कारणं इतिहासकार देतात.

पबमधलं कोर्ट कसं चालतं?

या सगळ्याचा कणा म्हणजे 'कोर्ट लीट', म्हणजेच गावकोर्ट. प्रक्रिया अशी :

• नोव्हेंबरच्या अखेरीस ज्युरीचा दिवस असतो. डझनभर शेतकरी आणि त्यांचा फोरमन, गव्हाची नवी पेरणी झालेल्या शेतात जातात.

• प्रत्येक पट्ट्याची हद्द पाहिली जाते. खुंटी हलली किंवा हरवली असेल तर नवी ठोकली जाते.

• कोणी शेजाऱ्याच्या पट्ट्यात, साइकमध्ये किंवा सामायिक रस्त्यात नांगर घातला असेल तर त्याची नोंद होते आणि दंड सुचवला जातो.

• साधारण आठवडाभरानंतर डव्हकोट इनमध्ये कोर्ट भरतं. अध्यक्षस्थानी स्टुअर्ड असतो. बेलिफ असतो. कोंडवाड्याच्या रखवालदाराचं जुनं पदही आहे. ज्युरीची यादी वाचली जाते, दंड ठरतात आणि पुढच्या वर्षीच्या ज्युरीला शपथ दिली जाते.

दंडाची रक्कम नाममात्र असते. मग लोक घाबरतात कशाला? कारण शिक्षा पैशांची नाही. सगळ्या गावासमोर आपलं नाव वाचलं जाण्याची आहे. आणि ज्युरीत आज जो दंड ठरवतो, त्याच्याच शेतावर पुढच्या वर्षी दुसरी ज्युरी येणार असते. त्यामुळे कोणी फार कडक होत नाही आणि कोणी फार ढिलाईही करत नाही.

हा नुसता हौसेचा कार्यक्रम आहे का? नाही. ब्रिटनमध्ये १९७७ च्या न्यायप्रशासन कायद्यानं अशा जुन्या गावकोर्टांचे कायदेशीर अधिकार काढून घेतले. त्यातून अपवाद ठेवला गेला तो लॅक्स्टनचा. काही गावांत अशी कोर्टं परंपरा म्हणून अजून भरतात, पण शेतीवर खरा अधिकार चालतो तो इथल्याच कोर्टाचा.

बाकी इंग्लंडमध्ये ही पद्धत का संपली?

इंग्लंडचं गाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरवी कुरणं आणि त्यांच्या कडेनं झुडपांची कुंपणं येतात. कॅलेंडरवरचं हे चित्र फार प्राचीन वाटतं. प्रत्यक्षात त्यातली पुष्कळ कुंपणं 'एन्क्लोजर'च्या लाटेत उभी राहिली.

एन्क्लोजर म्हणजे सामायिक आणि विखुरलेल्या जमिनी एकत्र करून, कुंपण घालून, एकेका मालकाच्या नावावर करणं. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेनं यासाठी ५,२०० हून अधिक कायदे केले. त्यातून सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एकूण क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्शाहून थोडी अधिक जमीन कुंपणाआड गेली.

सलग जमिनीमुळे नवी पिकं, नवी अवजारं आणि जनावरांच्या सुधारित जाती आणणं सोपं झालं. पण सामायिक चराईवर आणि सरपणावर जगणाऱ्या गरिबांचे हक्क गेले. त्यातले अनेक जण मजूर झाले. या बदलाचा फायदा किती आणि नुकसान किती, यावर इतिहासकार आजही वाद घालतात.

लॅक्स्टनमध्येही काही भागाला कुंपण पडलंच. आजही इथल्या शेतकऱ्यांकडे खुल्या शेतांतल्या पट्ट्यांखेरीज कुंपणातली जमीन आहे. पण तीन शेतांचा गाभा वाचला. त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण मजेशीर आहे : गावातल्या दोन बड्या जमीनदार घराण्यांचं, अर्ल मॅन्व्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो यांचं, जमिनीच्या अदलाबदलीवर एकमत होईना. भांडणामुळे गावं मोडल्याचं आपण ऐकतो. इथे मोठ्यांचं न जमल्यामुळे गावाची पद्धत टिकली.

डेव्हन परगण्यात ब्रॉन्टन इथेही खुलं मोठं शेत शिल्लक आहे. पण शेत, फेरपालट आणि अधिकार असलेलं कोर्ट हे तिन्ही एकत्र फक्त लॅक्स्टनमध्ये आहे.

१६३५ चा नकाशा आणि गोव्याशी जुळणारा धागा

लॅक्स्टनबद्दल इतकी बारीक माहिती मिळते त्याचं मोठं श्रेय एका नकाशाला जातं. १६३५ मध्ये मार्क पिअर्स या मोजणीदारानं अख्ख्या गावाचा नकाशा काढला. त्यात एकेक पट्टा दाखवला आहे. सोबत कुठला पट्टा कोणाचा याची लेखी यादी आहे. नांगरणारी माणसं, जनावरं अशी छोटी चित्रंही आहेत. हा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. १९३८ मध्ये ऑर्विन दांपत्यानं याच गावावर 'द ओपन फील्ड्स' हे पुस्तक लिहिलं आणि लॅक्स्टन अभ्यासकांच्या नकाशावर आलं.

हा नकाशा करून घेणारा गावाचा तेव्हाचा मालक होता सर विल्यम कोर्टेन, लंडनचा धनाढ्य व्यापारी. त्याच १६३५ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स यानं कोर्टेन आणि त्याच्या साथीदारांना पूर्वेकडे व्यापार करायचा परवाना दिला. ईस्ट इंडिया कंपनीला हा थेट शह होता. या मंडळींची जहाजं १६३६ मध्ये गोव्याला पोहोचली आणि पुढे कारवारला त्यांची वखार उभी राहिली. कोर्टेन स्वतः १६३६ मध्येच वारला. नॉटिंगहॅमशायरच्या शेतकऱ्यांचे पट्टे मोजून घेणारा माणूस आणि आपल्या किनाऱ्यावर आलेल्या त्या जहाजांमागचा माणूस एकच होता.

आता गाव कोणाच्या मालकीचं आहे?

लॅक्स्टनचे बहुतेक शेतकरी जमिनीचे मालक नाहीत, कुळं आहेत. त्यामुळे मालक कोण, हा प्रश्न गावासाठी कळीचा आहे.

• १९५२ : अर्ल मॅन्व्हर्स यांनी जमीन ब्रिटनच्या कृषी मंत्रालयाला विकली. ही पद्धत टिकावी हा त्यामागचा उद्देश होता.

• १९८१ : जमीन 'क्राउन इस्टेट'कडे गेली. ब्रिटिश राजसत्तेच्या मालमत्तेचं व्यवस्थापन ही संस्था करते.

• २०१८ : क्राउन इस्टेटनं लॅक्स्टन विकण्याचा निर्णय जाहीर केला. गावात आणि इतिहासप्रेमींमध्ये काळजी पसरली. नव्या खरेदीदारानं पट्टे मोडले तर?

• २०२० : जमीन जवळच्याच थोर्सबी इस्टेटनं घेतली. ही मॅन्व्हर्स घराण्याच्या वारशातली इस्टेट. म्हणजे सुमारे ७० वर्षांनी जमीन पुन्हा त्याच घराण्याकडे आली.

मग धोका टळला का?

तात्पुरता. खरा धोका कुंपणाचा नसून माणसांचा आहे. कोर्टाला ज्युरी लागते आणि ज्युरीला डझनभर माणसं लागतात. ती शेती करणारी, एकमेकांचे पट्टे ओळखणारी हवीत. पण ब्रिटनमध्येही लहान शेती परवडत नाही. एक शेतकरी निवृत्त झाला आणि मुलानं शेती घेतली नाही, तर ती जमीन दुसऱ्याच्या शेतीत मिसळते. असं होत राहिलं तर एक दिवस तिन्ही शेतं दोन-चार जणांकडेच असतील. मग हद्द पाहायची कोणी आणि कोणाची?

नुसत्या पट्ट्यांना संरक्षण देता येतं. नकाशा ग्रंथालयात जपता येतो. पण हे कोर्ट संग्रहालयात ठेवता येत नाही. ते चालतं कारण शेजाऱ्याला शेजाऱ्याची गरज आहे.

आपल्यासाठी यात काय?

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी एक निबंध लिहून सांगितलं की सामायिक कुरण असेल तर जो तो जास्तीत जास्त जनावरं सोडेल आणि कुरण उजाड होईल. हा विचार जगभर गाजला. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडची कुरणं, जपानची जंगलं, स्पेनचे पाटपाणी असे प्रत्यक्ष दाखले तपासले आणि दाखवून दिलं की लोक स्वतः नियम करून सामायिक गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळू शकतात. नियम स्थानिक हवेत, देखरेख आपल्यातल्याच माणसांची हवी, दंड आधी छोटा हवा आणि वाद मिटवायची जागा जवळ हवी, असं त्यांचं म्हणणं. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. लॅक्स्टन या चारही कसोट्यांवर उतरतं.

आपल्याकडे विखुरलेल्या जमिनीचा प्रश्न १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्यानं सोडवायचा प्रयत्न झाला. तुकडे पडणं थांबलं नाही आणि बांधाचे वादही संपले नाहीत. लॅक्स्टनची पद्धत उचलून इथे आणता येणार नाही. तिथे बहुतेक जण एकाच मालकाची कुळं आहेत, आपल्याकडे सातबाऱ्यावर पाच-पाच नावं आहेत. पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. वाद झाल्यावर मोजणी करायची की वाद व्हायच्या आधी, दरवर्षी, सगळ्यांनी मिळून शिवारफेरी करायची? लॅक्स्टननं दुसरा मार्ग निवडला. नोव्हेंबरच्या थंडीत चिखल तुडवत खुंट्या तपासणं हे कंटाळवाणं काम आहे. पण मोजणीची फी आणि वकिलाचं बिल यांच्यापेक्षा ते नक्कीच स्वस्त पडतं.